भरणारा नळ आणि रिकामा करणारा नळ : विजेला जोडलेल्या टॅबलेटची बॅटरी का उतरते?

शालेय अंकगणितात हौदाचे एक जुने उदाहरण असे. एक नळ हौद भरतो, दुसरा तो रिकामा करतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? क्वचित एखाद्या उदाहरणात रिकामा करणारा नळ अधिक मोठा असे, आणि मग हौद कधीच भरणार नाही हे उत्तर लिहिताना विद्यार्थ्याला आपलेच गणित चुकले अशी शंका येई. टॅबलेट वापरणाऱ्या अनेकांवर आज नेमका हाच प्रसंग येतो. टॅबलेट विजेला जोडलेला असतो, पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण दिसत असते, आणि तरीही तासाभरात बॅटरीचा आकडा साठावरून बावन्नावर उतरतो. पाहणारा बहुधा एकच निष्कर्ष काढतो : बॅटरी गेली. हा निष्कर्ष कधी कधी खरा असतो, परंतु पुष्कळदा घाईचा असतो.

ही घाई महागात पडते. टॅबलेट हे आता केवळ हौसेचे उपकरण राहिलेले नाही. आंध्र प्रदेशात २०१६ साली आरोग्यसेविकांच्या हाती 'अनमोल' ही नोंदप्रणाली टॅबलेटच्या रूपाने आली. हरियाणा सरकारने मे २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांना टॅबलेट वाटण्यास प्रारंभ केला. २०२० आणि २०२१ या वर्षांत शाळा बंद असताना कित्येक घरांत भावंडांची शाळा एकाच टॅबलेटवर भरत होती. असे उपकरण बंद पडले की काम आणि अभ्यास दोन्ही अडतात. शिवाय बहुतेक टॅबलेटांची बॅटरी हाताने काढता येत नाही. काचेचा पडदा उष्णतेने सैल करून, गोंद सोडवून ती बाहेर काढावी लागते. त्या खटपटीत पडदा तडकला तर मूळ दोषापेक्षा उपायाचाच खर्च अधिक होतो. म्हणून बॅटरीवर ठपका ठेवण्यापूर्वी तिच्यापर्यंत येणारी वाट तपासणे शहाणपणाचे ठरते.

परिभाषेविषयी थोडे सांगणे येथे आवश्यक आहे. शास्त्रीय मराठीत बॅटरी भरण्याच्या क्रियेस 'विद्युत्‌भारण' असा शब्द योजता येतो. परंतु घराघरांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत 'चार्जिंग' हाच शब्द रुळला आहे आणि या प्रकरणात तोच वापरला आहे. 'टॅबलेट' या शब्दाची कथा मात्र गमतीची आहे. आपल्याकडे तो प्रथम औषधाच्या गोळीसाठी परिचित झाला, पण त्याचा मूळ अर्थ लिहिण्याची पाटी असा आहे. पाटी पुसली की कोरी होत असे, तिला वीज लागत नसे. नव्या पाटीला मात्र खाऊ घालावे लागते.

आता वीज कोणत्या वाटेने येते ते पाहू. भिंतीतील सॉकेटात २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज असते. अडॅप्टर, म्हणजे ज्याला आपण सामान्यतः चार्जर म्हणतो तो ठोकळा, तिचे सुमारे ५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. तेथून ती केबलमधून टॅबलेटच्या खाचेत येते. या खाचेस दुरुस्ती करणारे 'चार्जिंग पिन' किंवा 'चार्जिंग जॅक' म्हणतात. आत एक नियंत्रक मंडल असते. बाहेरून आलेल्या विजेतून ते प्रथम टॅबलेटच्या चालू कामाची गरज भागवते : पडदा, प्रक्रियक, वाय-फाय. उरेल तेवढीच वीज बॅटरीकडे वळते. आलेली वीज चालू कामालाच अपुरी पडली तर तुटीची रक्कम बॅटरीतून काढली जाते. याचा अर्थ असा की पुष्कळ टॅबलेटांवर विजेची खूण कायम असताना बॅटरी उतरत राहणे यात काहीही विसंगती नाही. ती खूण 'जोडलेले आहे' एवढेच सांगते. हौद भरतो आहे की नाही, हे ती सांगेलच असे नाही.

ही तूट किती सहज निर्माण होते हे कळण्यासाठी एका प्रसिद्ध टॅबलेटचे उदाहरण घेऊ. यूएसबी ही जोडणी १९९६ साली अस्तित्वात आली ती संगणकाला कळफलक, माउस, मुद्रक यांसारखी उपकरणे जोडण्यासाठी. संगणकाच्या अशा खाचेतून ५ व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त अर्धा ॲम्पिअर प्रवाह घ्यावा, असा नियम होता. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. तेव्हा ही शक्ती अडीच वॅट झाली. माउससाठी ती पुरून उरत असे. २०१० साली ॲपल कंपनीचा पहिला आयपॅड आला. त्याच्या बॅटरीत सुमारे २५ वॅट-तास ऊर्जा मावत असे आणि ती दहा तास पुरते असे कंपनी सांगे. म्हणजे साध्या वापरात टॅबलेटचा खर्च ताशी अडीच वॅट-तास, आणि संगणकाच्या जुन्या खाचेतून मिळणारी जमाही तेवढीच. मधली गळती जमेस धरली की शिल्लक काहीच उरत नाही. अशा खाचेला जोडल्यावर आयपॅडच्या पडद्यावर 'चार्ज होत नाही' अशा अर्थाची अक्षरे उमटत, आणि ग्राहक नवे कोरे उपकरण बिघडले म्हणून हळहळत. वस्तुतः पडदा बंद करून ठेवला तर तोच आयपॅड त्याच खाचेवर मंदगतीने भरत असे. त्याच्यासोबत मिळणारा अडॅप्टर १० वॅटचा होता, आणि त्यावर तो व्यवस्थित भरे.

पुढची पायरी अधिक बोधक आहे. २०१२ च्या मार्चमध्ये तिसरा आयपॅड आला. त्याच्या पडद्यावरील चित्रबिंदूंची संख्या आधीच्या पडद्याच्या चौपट होती. तो पडदा उजळण्यासाठी अधिक वीज लागे, म्हणून बॅटरी साडेबेचाळीस वॅट-तासांची झाली. अडॅप्टर मात्र १० वॅटचाच राहिला. दहा तासांच्या हिशेबाने आता साधा खर्चच सव्वाचार वॅट झाला. हा टॅबलेट संगणकाच्या अडीच वॅटच्या खाचेला जोडून वापरत राहिले तर दर तासाला पावणेदोन वॅट-तासांची तूट येते, म्हणजे बॅटरी तासाला सुमारे चार टक्क्यांनी उतरते. एखाद्या जड खेळामुळे खर्च आठ वॅटपर्यंत गेला असे मानले, तर तूट साडेपाच वॅटची होते आणि उतार तासाला तेरा टक्क्यांवर जातो. येथे कोणताही भाग बिघडलेला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या चौथ्या आयपॅडसोबत कंपनीने १२ वॅटचा अडॅप्टर दिला.

यावरून पहिली तपासणी सुचते. अडॅप्टरवर बारीक अक्षरांत छापलेली ओळ वाचावी. तेथे बाहेर पडणाऱ्या विजेचा दाब आणि प्रवाह दिलेला असतो. घरातील जुन्या मोबाइलचा अडॅप्टर ५ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा असेल तर तो पाच वॅटच देणार. दहा इंची पडद्याच्या टॅबलेटला चालू स्थितीत तेवढे पुरणे कठीण. भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरांवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असणे बंधनकारक आहे. या सक्तीच्या नोंदणीची व्यवस्था २०१२ च्या आदेशाने सुरू झाली. ज्या अडॅप्टरवर मानकाची खूण आणि नोंदणी क्रमांक नाही, त्यावर छापलेल्या ॲम्पिअरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

घरातील विजेचा दाब कमी आहे म्हणून टॅबलेट भरत नाही, असे खेड्यापाड्यांतून पुष्कळदा ऐकू येते. बल्ब मंद पेटतो, पंखा रेंगाळतो, मग टॅबलेटनेच काय पाप केले, हा तर्क स्वाभाविक आहे, पण बहुधा चुकीचा. आजच्या बहुतेक अडॅप्टरांवर १०० ते २४० व्होल्ट अशी मर्यादा छापलेली असते आणि त्या मर्यादेत ते सारखेच काम करतात.

अडॅप्टर आणि टॅबलेट यांच्यात एक मूक संभाषणही होत असते, आणि ते फिसकटले तरी तूट येते. जुन्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन शक्तीच्या, दोन माहितीच्या. समोर संगणक आहे की भिंतीवरचा अडॅप्टर, हे टॅबलेट माहितीच्या तारांवरून ओळखतो. २०१० च्या संकेतानुसार अडॅप्टरमध्ये या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. ही खूण पटली की टॅबलेट दीड ॲम्पिअरपर्यंत प्रवाह ओढतो. पटली नाही तर आपण संगणकालाच जोडलेले आहोत असे समजून तो अर्ध्या ॲम्पिअरवर समाधान मानतो. काही स्वस्त केबलांत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. केबल नवी, अडॅप्टर उत्तम, आणि तरीही टॅबलेट उपाशी राहतो, त्याचे एक कारण हे आहे. २०१४ नंतर रूढ झालेल्या टाइप-सी जोडणीत हे संभाषण अधिक विस्तृत झाले आणि दोन्ही बाजूंची संमती असेल तर ९ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाने वीज देता येऊ लागली. पण संमती दोन्हीकडून हवी. पंचवीस वॅट असे ठळक अक्षरांत लिहिलेला नवा अडॅप्टर जुन्या टॅबलेटला जोडला तर तो निमूटपणे ५ व्होल्टवरच राहतो.

आता केबलकडे वळू. तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या साऱ्या साखळीतील सर्वांत उपेक्षित कडी तीच असते. केबल म्हणजे केवळ तार, ती तुटली तर बंद पडेल, नाही तर चालेल, असा आपला समज असतो. हा समज खोटा आहे हे जर्मनीतील गेओर्ग झिमोन ओहम या शिक्षकाने १८२७ सालीच दाखवून दिले होते. प्रत्येक तार प्रवाहाला रोध करते. तार जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका रोध अधिक. आणि त्या रोधातून प्रवाह गेला की दाबाचा काही अंश वाटेतच खर्ची पडतो. विहिरीवरचा पंप उत्तम असूनही लांब आणि अरुंद नळीच्या टोकाशी पाणी करंगळीएवढे येते, तसाच हा प्रकार.

हिशेब करून पाहू. तांब्याची ०.३२ मिलिमीटर व्यासाची तार घेतली तर तिच्या एका मीटरचा रोध सुमारे ०.२१ ओहम असतो. केबल दोन मीटर लांब असेल तर वीज दोन मीटर जाणार आणि दोन मीटर परत येणार, म्हणजे चार मीटरचा रोध सुमारे ०.८६ ओहम झाला. त्यातून २ ॲम्पिअर प्रवाह न्यायचा तर वाटेत १.७ व्होल्ट खर्च होतील आणि ५ पैकी टॅबलेटच्या दाराशी ३.३ व्होल्टच पोहोचतील. लिथियम-आयन घट पूर्ण भरण्यासाठी त्याच्या टोकांवर साधारणतः ४.२ व्होल्ट दाब लागतो, ३.३ व्होल्टने तो भरणार कसा? म्हणून दाब कोसळू लागताच आतले नियंत्रक मंडल प्रवाह कमी करते. तो अर्ध्या ॲम्पिअरवर आला की वाटेतला खर्च ०.४३ व्होल्टवर येतो आणि दाराशी ४.५७ व्होल्ट टिकतात. पण मग मिळणारी शक्ती जेमतेम २.३ वॅट राहते. आता त्याच अडॅप्टरला एक मीटर लांबीची, ०.५१ मिलिमीटर व्यासाच्या तारेची केबल लावू. जाण्यायेण्याचा रोध ०.१७ ओहम, २ ॲम्पिअरला खर्च ०.३४ व्होल्ट, दाराशी ४.६६ व्होल्ट, आणि शक्ती ९.३ वॅट. अडॅप्टर तोच, टॅबलेट तोच, बॅटरी तीच. केवळ केबल बदलल्याने जमा चौपट झाली. बाहेरचे आवरण जाड आहे म्हणून आतली तार जाड असेलच असे मात्र नाही. पलंगावर पडून वापरता यावा म्हणून घेतलेली तीन मीटरची केबल या रोगाचे मूळ असल्याचे वारंवार दिसून येते. केबल वारंवार वाकते त्या जागी, म्हणजे टोकाच्या पिनेजवळ, आतले काही धागे तुटूनही रोध वाढतो. तेथे बोटाला ऊब लागली तर ती केबल निकालात काढावी.

टॅबलेटच्या खाचेत खिशातील व पिशवीतील सूत, पीठ, धूळ साचून दाबून बसते. केबल आत गेल्यासारखी वाटते, पण संपर्क अर्धवटच होतो. टॅबलेट पूर्ण बंद करून, दात कोरण्याच्या लाकडी काडीने ही घाण हलकेच उकरून काढावी. टाचणी, सुई किंवा कोणतीही धातूची वस्तू वापरू नये, आणि पाणी तर मुळीच नाही. केबल लावल्यावर ती खाचेत डुगडुगत असेल, किंवा विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग होत असेल, तर खाचेचे टाके सुटले असण्याचा संभव आहे. ते काम दुरुस्ती करणाऱ्याचे.

कोणता भाग दोषी आहे हे ठरवण्यासाठी उपकरणे लागत नाहीत; थोडा धीर आणि एक घड्याळ पुरते. बॅटरीचा आकडा लिहून घ्यावा, टॅबलेट पूर्णपणे बंद करावा, एक तास चार्जिंगला ठेवावा आणि पुन्हा सुरू करून आकडा पाहावा. बंद स्थितीत रिकामा करणारा नळ जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे भरणाऱ्या नळाची खरी धार कळते. २५ वॅट-तासांची बॅटरी १० वॅटच्या चांगल्या अडॅप्टरवर, गळती वजा जाता, तासाला तीस टक्क्यांच्या आसपास वाढावी. मात्र हा प्रयोग ऐंशी टक्क्यांच्या खाली असताना करावा, कारण त्यापुढे बॅटरी आपण होऊनच सावकाश भरते. वाढ समाधानकारक असेल तर दोष खर्चाच्या बाजूस शोधावा. वाढ पाचसात टक्केच असेल तर दोष वाटेत आहे असे धरून प्रथम केबल, मग अडॅप्टर बदलून हाच प्रयोग पुन्हा करावा. एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन्ही एकदम बदलली तर टॅबलेट भरेलही, पण दोषी कोण हे गुलदस्त्यातच राहील आणि चांगली वस्तू कचऱ्यात जाईल. अडॅप्टर आणि टॅबलेट यांच्यामध्ये बसवण्याचा एक छोटा यूएसबी मापक बाजारात मिळतो. तो दाब आणि प्रवाह दोन्ही दाखवतो. शाळेत किंवा ग्रंथालयात अनेक टॅबलेट असतील तर असा एक मापक जवळ असावा.

खर्चाच्या बाजूचा सर्वांत मोठा धनी म्हणजे पडद्याचा प्रकाश. त्यानंतर चित्रफिती, खेळ, दुबळ्या मोबाइल-संकेताचा सतत शोध, आणि टॅबलेटवरून इतरांना इंटरनेट वाटणे. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये बॅटरीच्या सदराखाली कोणत्या ॲपने किती वाटा खाल्ला याची नोंद असते. एखादे ॲप उघडलेलेही नसताना तेथे वरच्या स्थानी दिसले तर ते काढून टाकून पाहावे.

आपल्या हवामानात उष्णतेचा विचार वेगळा करावा लागतो. लिथियम-आयन बॅटरी साधारणतः शून्य ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानात भरावी असा दंडक आहे. त्याबाहेर गेल्यास नियंत्रक मंडल चार्जिंग मंद करते किंवा थांबवते, आणि ते योग्यच करते. राजस्थानातील चुरू येथे मे २०२४ मध्ये तापमान पन्नास अंशांपलीकडे गेले. अशा दिवशी पत्र्याच्या छपराखाली, जाड आवरणात गुंडाळलेला टॅबलेट चार्ज होत नसेल तर दोष टॅबलेटचा नव्हे. आवरण काढावे, उशीवर न ठेवता फरशीवर ठेवावा. लडाखच्या हिवाळ्यात याच नियमाची दुसरी बाजू प्रत्ययास येते : गोठणबिंदूखाली बॅटरी भरली तर तिच्यात धातुरूप लिथियमचा थर साचून ती कायमची बिघडते. तेथे टॅबलेट आधी ऊबदार खोलीत आणावा, मग विजेला जोडावा.

कधी कधी हा सारा भ्रमच असतो. बॅटरी पूर्ण भरल्यावर काही टॅबलेट चार्जिंग थांबवतात आणि आकडा दोनचार टक्क्यांनी खाली आला की पुन्हा सुरू करतात. काहींत ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय मुद्दाम दिलेली असते. जोडलेला टॅबलेट शंभरावरून सत्त्याण्णवावर आला म्हणून कोणी दुकानात धाव घेऊ नये.

मात्र आकडा चाळीसवरून एकदम बारावर उडी घेत असेल, टॅबलेट वीस टक्क्यांवरच मान टाकत असेल, आणि केबल, अडॅप्टर, खाच यांची तपासणी आटोपली असेल, तर मग बॅटरी वृद्ध झाली असे म्हणावे. १९९१ साली बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी कितीही गुणी असली, तिच्या शिल्पकारांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले असले, तरी दर भरण्या-उतरण्यागणिक तिची धारणाशक्ती थोडी घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. अशी बॅटरी बदलणे हाच उपाय.

एका लक्षणाबाबत मात्र तपासणीचा वरील क्रम सोडून द्यावा. पडदा कडेने उचललेला दिसला, पाठ फुगलेली वाटली, किंवा टॅबलेट सपाट मेजावर ठेवल्यावर डुलू लागला, तर आत बॅटरी वायूने फुगली आहे. तिला पुन्हा विजेला जोडू नये. फुगवटा दाबून बसवण्याचा किंवा टोचून वायू काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आतले विद्युत्‌विच्छेद्य ज्वलनशील असते आणि टोचलेली बॅटरी क्षणात पेट घेऊ शकते. टॅबलेट बंद करून, कागद व कपड्यांपासून दूर, फरशीवर किंवा मातीच्या भांड्यात ठेवावा आणि कंपनीच्या सेवाकेंद्राकडे न्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि ती घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी सोपवण्याची जबाबदारी ग्राहकावर.